नमुना नऊ

ऑफिसात त्यांना पाठीमागे ‘संबंधितराव’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. पण टोपणनाव किती दिवस लपणार? त्यांच्या कानावर ते कधीच गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना राग आला नव्हता. उलट आतून गुदगुल्याच झाल्या. चौतीस वर्षं एका टेबलाला चिकटलेल्या माणसाला एवढी तरी पदवी नको का? तर आपणही त्यांना संबंधितरावच म्हणू.

कामगारांसाठी बांधलेल्या बाराशे खोल्या ज्या खात्याच्या ताब्यात होत्या, त्या खात्याचं हे ऑफिस. कुणाचं छत गळतंय, कुणी गॅलरीत भिंत घातलीय, कुणी पाण्याच्या टाकीवर कबुतरं पाळलीत, सगळ्यांची पत्रं इथून जायची, आणि संबंधितरावांच्या टेबलावरून गेल्याशिवाय एक कागद बाहेर पडायचा नाही. टेबल खिडकीकडे पाठ करून मांडलेलं. त्यावर लाल शाईचं पेन, टाचण्यांची डबी, ओला स्पंज आणि त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून छापून घेतलेली चौदा नियमांची पुस्तिका. नियम पहिला: खात्याच्या पत्रात ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांपैकी एकही शब्द येता कामा नये.

नवा कारकून हौसेनं लिहून आणायचा, ‘तुम्ही गॅलरीत भिंत बांधली आहे, ती आठ दिवसांत पाडा.’ लाल पेन सळसळायचं आणि त्याचं व्हायचं, ‘सदर बांधकाम संबंधितांनी आठ दिवसांत हटविणे आवश्यक राहील.’ भिंत तीच, दिवस तेवढेच. बांधणारा आणि पाडायला सांगणारा तेवढे दोघं गायब. कारकुनानं डोकं खाजवलं की संबंधितराव म्हणायचे, ‘अहो, खातं कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नसतं. खातं कळवतं.’

आता माणूस काही आईच्या पोटातून असा येत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका म्हाताऱ्या फिटरला पत्र लिहिलं होतं: ‘तुम्ही काळजी करू नका, तुमची खोली तुम्हालाच मिळेल.’ मनापासून लिहिलं होतं हो. खोली वशिल्यानं दुसऱ्यालाच गेली. फिटर ते पत्र घडी करून घेऊन आला आणि ऑफिसच्या मधोमध उभं राहून म्हणाला, ‘हे मला कुणी लिहिलं? मला त्याच्याशी बोलायचंय.’ तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी यांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि अशी काही बिनपाण्यानं केली की विचारू नका. वर म्हणाले, ‘गाढवा, पत्रात “तुम्ही” लिहिलं की त्याच्यासमोर “मी” येऊन उभा राहतो. मग लोक त्या “मी”ला शोधत दारात येतात!’ पोरसवदा वय, कानशिलं तापली. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की पुन्हा म्हणून कागदावर कुणाला हाक मारायची नाही. हाक मारली नाही की कुणी ओ देत नाही, आणि ओ दिली नाही की कुणी दारात येत नाही. त्यानंतर तेहेतीस वर्षं खरंच कुणी आलं नाही.

संबंधितरावांना एक मोठी बहीण होती. ताई. आई गेली तेव्हा हे सहा वर्षांचे आणि ती सोळाची. ती धुलाईच्या दुकानात इस्त्रीला उभी राहिली ती जन्मभर उभीच राहिली. हे शाळेत निघाले की काहीतरी विसरायचेच. कधी जेवणाचा डबा, कधी टोपी. मग ताई खिडकीतून अर्धी बाहेर झुकून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, ‘छोट्याऽऽ! अरे डबा कोण नेणार, तुझा बाप?’ गल्ली हसायची. हे लाजून परत फिरायचे. सत्तावन्न वर्षांचे झाले, डोक्यावर टक्कल पडलं, तरी ताईच्या तोंडी ‘छोट्या’च होतं.

ताईचं लग्न बंदरावर क्रेन चालवणाऱ्या एका अबोल माणसाशी झालं. मूलबाळ झालं नाही. भाऊजींना खात्याची खोली मिळाली होती, जिन्याच्या टोकाला, कोपऱ्यातली. एक खिडकी पाण्याच्या टाकीकडे उघडायची. खिडकीखाली इस्त्रीचं लांब टेबल, त्यावर जळक्या डागांचं जाड कांबळं, आणि कठड्यावर पत्र्याच्या डब्यात लावलेलं एक रोप, ज्याला फूल आलेलं कुणी पाहिलं नव्हतं पण ताई रोज पाणी घालायची. एकतीस वर्षं ती त्या खोलीत राहिली. दर रविवारी सकाळी संबंधितराव तिथे चहाला जात. कुणी पत्ता विचारला तर ‘कोपऱ्यातली खोली’ म्हणत. खात्याच्या दप्तरी तिला काय नंबर होता हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता. ‘नातेवाइकांच्या फायलीला मी हात लावत नाही,’ असं ते चारचौघांत सांगत. हात लावला नाही तो नाहीच.

एकदा मात्र ताई ऑफिसात आली होती. छत गळत होतं, त्याचं काहीतरी पत्र होतं. इस्त्रीच्या दुकानातून तशीच, बाह्या वर केलेल्या, घामेजलेली. सरळ टेबलांमधून वाट काढत आली आणि म्हणाली, ‘छोट्या, हे बघ रे काय लिहिलंय, डोक्यावरनं गेलं माझ्या.’ चौदा टेबलांवरची चौदा डोकी वर झाली. कुणीतरी खुसखुसलं. ‘छोट्या’ हा शब्द पुढे महिनाभर ऑफिसात फिरत राहिला. संबंधितरावांनी तिचं कोपर धरून तिला जिन्यापर्यंत नेलं आणि दात आवळून म्हणाले, ‘ताई, इथे यायचं नाही. आणि कागद घेऊन माझ्याकडे तर कधीच यायचं नाही. ऑफिसात नाही, घरी नाही. खिडकी नंबर तीनला जायचं, सगळे जातात तसं.’ ‘बरं बाबा,’ ताई म्हणाली, ‘चुकलं माझं.’ ती एकदा ‘बरं’ म्हणाली की दगडावरची रेघ. पुन्हा तिनं त्यांना एक चिठोरं दाखवलं नाही.

आता नमुना नऊ. खोली ज्याच्या नावावर आहे तो माणूस गेला की मागे राहिलेल्यांना खातं जे पत्र पाठवतं ते हे. अकरा वर्षांपूर्वी ते नव्यानं लिहायचं ठरलं तेव्हा पहिला मसुदा टायपिस्टबाईंनी केला होता. तोंडाळ बाई, पण कामात वाघीण. त्यांनी लिहिलं होतं: ‘तुमच्या घरातलं माणूस गेलं याचं आम्हाला वाईट वाटतं. खोली त्यांच्या नावावर होती. ती तुमच्या नावावर करायची असेल तर सोबतचा अर्ज भरून नव्वद दिवसांत आणून द्या. नवरा गेला असेल तर बायकोनं भरायचा. नव्वद दिवसांत आला नाही तर खोली तुमच्या हातून जाईल.’

संबंधितरावांनी वरपासून खालपर्यंत तिरकी लाल रेघ ओढली, कोपऱ्यात आद्याक्षर केलं, तारीख घातली. ‘हे पत्र आहे की शेजारणीचा निरोप?’

‘साहेब, बाईचा नवरा गेलेला असतो,’ टायपिस्टबाई म्हणाल्या. ‘तिला कळायला नको?’

‘कळवणं आपलं काम. कळणं तिचं,’ संबंधितराव म्हणाले, आणि त्यांनी स्वतः लिहिलेला नमुना नऊ मंजूर झाला: ‘मूळ धारक मयत झाल्याच्या दिनांकापासून नव्वद दिवसांच्या आत संबंधित वारसांनी विहित अर्ज सादर करणे आवश्यक राहील, अन्यथा सदर खोली रिक्त समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ एकच वाक्य! मोठ्या साहेबांनी वाहवा केली. पुस्तिकेत आदर्श मसुदा म्हणून तो छापला गेला. अकरा वर्षं संबंधितरावांना त्या एका वाक्याचं कौतुक होतं.

भाऊजी एका दुपारी जेवता जेवता गेले. हातातला घास ताटात पडला आणि संपलं. संबंधितरावांनी रजा काढून सगळं निभावलं. महिन्याभरानं ताई पुन्हा इस्त्रीला लागली. रविवारचा चहा सुरू झाला. खोलीचं काय, हा विचार संबंधितरावांच्या मनात आला नाही असं नाही. आला. पण ते मनाशी म्हणाले, नमुना नऊ गेला असेलच, त्यात सगळं स्पष्ट आहे, ताई काही कुक्कुलं बाळ नाही. आणि खात्याचा माणूस म्हणून आपण मध्ये तोंड घातलं तर उद्या लोक बोटं दाखवतील.

नमुना नऊ गेला होताच. त्यांच्याच टेबलावरून गेला होता. ऑफिसची पद्धत अशी होती की पत्रं गठ्ठ्यानं यायची, मजकूर वर आणि नावपत्त्याची चिठ्ठी टाचणीनं मागे लावलेली. संबंधितराव मजकूर वाचत, कोपऱ्यात आद्याक्षर करत आणि उलटत. मागची चिठ्ठी बघणं त्यांनी मुद्दाम सोडून दिलं होतं. नाव दिसलं की माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की लेखणी अडखळते, हे त्यांचंच म्हणणं. कोपऱ्यातल्या खोलीचा, दप्तरी ड-११७ चा, नमुना नऊ त्यांच्या हाताखालून गेला तेव्हा त्यांनी एका ठिकाणी स्वल्पविराम सुधारला होता.

पुढचं त्यांना सगळं नंतर कळलं. ताईनं ते पत्र बोट ठेवून तीनदा वाचलं. चौथीपर्यंतची शाळा, पण वाचता चांगलं येत होतं. ‘मूळ धारक मयत’ म्हणजे हे गेले, ते खात्याला कळलं, एवढं तिला लागलं. आणि वारस? वारस म्हणजे मूलबाळ, नाही का? ते तिला कुठे होतं? म्हणजे हे पत्र सगळ्यांना जातं तसं आलं असणार, ज्यांना मुलं आहेत त्यांनी काय ते करावं. तरी मन खात होतं. एका रविवारी चहा ओतता ओतता तिनं विषय काढलाच. ‘अरे छोट्या, तुमच्या ऑफिसातनं एक कागद आलाय, त्यात...’

संबंधितरावांनी पाव चहात बुडवला होता. दुसरा हात त्यांनी पंजा उघडून वर केला. ‘ताई. खिडकी तीन.’

‘हो रे, विसरलेच,’ म्हणून ती हसली.

ती गेली खिडकी तीनला. अर्ध्या दिवसाचा खाडा करून गेली. आतल्या माणसानं पत्र हातातही न घेता म्हटलं, ‘बाई, पत्रात सगळं लिहिलंय. लिहिलंय ना? मग?’ मागे रांग होती. ताईला आपल्या अडाणीपणाची लाज वाटली आणि ती घरी आली. पत्र तिनं कांबळ्याखाली ठेवलं, भाऊजींच्या कागदांबरोबर. नव्वद दिवस भरले तेव्हा ती कुणाचे तरी पडदे इस्त्री करत असेल.

त्या मंगळवारी दुपारी ताईच्या जिन्याखाली बसणारा घड्याळजी धापा टाकत ऑफिसात आला. डोळ्यावरचं भिंग काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. ‘साहेब, चला लवकर! तुमच्या ताईंच्या खोलीला कुलूप ठोकतायत!’

संबंधितराव धावले. चौतीस वर्षांत त्या रस्त्यानं त्यांना कुणी धावताना पाहिलं नव्हतं. जिना चढून वर गेले तर इस्त्रीचं टेबल बाहेर काढलेलं आणि ताई त्यावर बसलेली, मांडीवर ते पत्र्याच्या डब्यातलं रोप. भाऊजींचे बूट भिंतीला लावून नीट ठेवलेले. ताबा घेणारे दोघं दारावर सील चिकटवत होते. ताईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. भाऊ दिसल्यावर तिला हायसंच वाटलं. ‘बरं झालं बाई, आलास. छोट्या, काहीतरी घोटाळा झालाय रे. तू सांग यांना.’

‘काय चाललंय हे? कुणी सांगितलं?’ संबंधितराव ओरडले.

त्या दोघांतल्या वयस्करानं त्यांना ओळखलं. तो चपापला. मग त्यानं हुकुमाचा कागद पुढे केला आणि त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे लाल शाईत संबंधितरावांचं आद्याक्षर होतं. गेल्याच आठवड्यात गठ्ठ्यात उलटलेलं. नमुना बारा. निर्दोष होता. एक काना-मात्रा इकडची तिकडे नव्हती.

‘ताई, तुला पत्र आलं होतं ना?’ त्यांनी विचारलं.

‘मला? मला कुणी काहीच सांगितलं नाही रे.’

‘पत्र! भाऊजी गेल्यावर, महिन्याभरानं!’

ताईनं कांबळ्याची घडी उलगडली, आतून पत्र काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदललं. ‘हे? छोट्या, हे मला होतं?’

घड्याळजी खाली मान घालून भिंग पुसत बसला.

ताई त्यांच्या घरी आली. बायकोनं आतली खोली रिकामी करून दिली, रोप खिडकीत ठेवलं, आणि नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, ‘अहो, काही करा आणि त्यांची खोली परत आणा. पन्नास वर्षं पोळले हात घेऊन उभी राहिलीय ती बाई, आणि त्यातली दहा तुमच्यासाठी.’ संबंधितराव म्हणाले, ‘आणतो.’ म्हणाले तेव्हा मनापासून म्हणाले, हे मात्र मी सांगितलं पाहिजे.

आताचे मोठे साहेब त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं. ‘मुदत उलटल्यावर खोली परत द्यायला मला एकच वाट आहे. पत्रातच दोष होता असं लेखी आलं, तर पत्र गेलंच नाही असं धरता येतं. मग नव्वद दिवस नव्यानं सुरू. पण ते लेखी कोण देणार? नमुना तुमचा आहे.’

‘मी दिलं तर?’

‘तुम्ही दिलंत तर ताईंची खोली उद्या उघडते. आणि तुमची चौकशी परवा लागते. अकरा वर्षांत याच नमुन्यावर एकेचाळीस खोल्या रिकाम्या झाल्यात. ते सगळे दारात येतील. निवृत्तीला किती राहिले, आठ महिने? विचार करा. शुक्रवारपर्यंत अर्ज आणा. आणि दोष होता म्हणाल तर नुसतं म्हणून भागणार नाही, पुरावा लागेल.’

पुरावा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर आला. टायपिस्टबाईंनी ड्रॉवरच्या तळातून काढलेला पिवळा कागद. वरपासून खालपर्यंत तिरकी लाल रेघ, कोपऱ्यात आद्याक्षर, तारीख. ‘मी जपून ठेवला होता,’ बाई म्हणाल्या. ‘कुणाच्या कामी येईल ते काही ठाऊक नव्हतं. हा जोडा, वर दोन ओळी लिहा. माझी सही हवी तर तीही करते.’ संबंधितरावांनी कागद वाचला. ‘नवरा गेला असेल तर बायकोनं भरायचा.’ सहा शब्द. त्यांच्या पेनानं कापलेले सहा शब्द. त्यांनी कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली.

गुरुवारी ते लिहायला बसले. ‘मी’ लिहिला आणि पुढे पेन चालेना. तुम्हाला हसू येईल, पण चौतीस वर्षांत त्यांनी तो शब्द ऑफिसच्या कागदावर लिहिला नव्हता. त्यांनी तो खोडला, नवा कागद घेतला. पुन्हा ‘मी’. डोळ्यांसमोर तो फिटर उभा राहिला, मधोमध, पत्र हातात घेऊन. त्याच्या मागे चाळीस जण, सगळ्यांच्या हातात नमुना नऊ. हे मला कुणी लिहिलं? मला त्याच्याशी बोलायचंय. तिसरा कागद घेतला तेव्हा हात आपोआप सवयीच्या वाटेनं गेला आणि काय सांगू, झरझर लिहून झालं: ‘संबंधित वारसाच्या अनवधानाने विहित मुदतीत अर्ज सादर होऊ शकला नाही. तरी सदर विलंब क्षमापित होण्यास विनंती आहे.’ सुबक अर्ज. त्यात संबंधितराव कुठेच नव्हते. लाल रेघेचा कागद खिशातच राहिला.

शुक्रवारी साहेबांनी अर्ज वाचला आणि मागे काही जोडलंय का ते उलटून पाहिलं. ‘एवढंच?’

‘एवढंच,’ संबंधितराव म्हणाले.

टायपिस्टबाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी त्या दिवसापासून संबंधितरावांचा कागद टाइप करताना तोंड घट्ट मिटून घेतलं, एवढंच. घरी बायकोनं विचारलं, ‘दिलंत का लिहून?’ तर म्हणाले, ‘अर्ज केलाय.’ खोटं नव्हतं ते. अशा माणसांचं खोटंसुद्धा कधी पकडता येत नाही बघा, ही त्यांची कमाई!

उत्तर बारा दिवसांनी आलं, ताईच्या नावानं, पण संबंधितरावांच्या पत्त्यावर. ते ऑफिसातून आले तेव्हा ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून बोट ठेवून वाचत होती. बायको बाजूला उभी. ‘बस,’ ताई म्हणाली. ‘खिडकी तीनला उद्या जाईन, पण एका शब्दाचा अर्थ सांग. एवढा एकच.’ तिनं बोटाखालची ओळ मोठ्यानं वाचली. ‘वारसाचे अनवधान अर्जातच मान्य करण्यात आलेले असल्याने विनंती फेटाळण्यात येत आहे. अनवधान म्हणजे रे काय?’

‘लक्ष नसणं,’ संबंधितराव म्हणाले.

‘कुणाचं?’

बायको बघत होती. खिशात तो पिवळा कागद घामानं मऊ झाला होता. अजूनही वेळ होता हो. साहेबांनी दार बंद केलं नव्हतं, एक शब्द बोलायचा होता, आणि समोर काही ऑफिस नव्हतं. समोर ताई होती, जिनं त्यांचं शेंबडं नाक पुसलं होतं.

‘संबंधितांचं,’ ते म्हणाले.

‘म्हणजे माझं,’ ताई म्हणाली. तिनं पत्राची चार पदरी घडी केली. ‘अर्ज कुणी लिहिला?’

संबंधितराव उठून हातपाय धुवायला निघाले. ताईनं पुन्हा विचारलं नाही. तिला एवढं अनवधान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. धुलाईच्या दुकानातली एक जुनी मैत्रीण दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती, तिच्याकडे. बायकोनं हातापाया पडून पाहिलं. ताई तिला जवळ घेऊन म्हणाली, ‘तुझ्यावर राग नाही गं माझा.’ रोप तिनं बरोबर नेलं. भाऊजींचे बूट घड्याळजीला दिले.

आठ महिन्यांनी संबंधितराव निवृत्त झाले. साहेबांनी दोन शब्द बोलायचे म्हणून सांगितलं की यांच्या पत्रात कधी कुणाला चूक सापडली नाही. टाळ्या झाल्या. टायपिस्टबाई त्या दिवशी रजेवर होत्या. कोपऱ्यातली खोली तोवर दुसऱ्या कुणाला दिली गेली होती.

पण रविवार त्यांनी सोडला नाही. ताई तिकडे राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी भीत भीतच तो तिसरा मजला चढले. ताईनं दार उघडलं, खुर्ची पुसून दिली. ‘चहा ठेवलाय,’ म्हणाली. ना आदळआपट, ना टोमणा. ‘घरी बरं आहे ना सगळं?’ विचारलं. ‘पाव घ्यायला हरकत नाही, ताजा आहे.’ संबंधितराव हलके होऊन घरी आले. म्हणाले, रक्ताचं नातं, शेवटी पाणी काठीनं तुटत नाही.

दुसऱ्या रविवारी चहा पिता पिता त्यांच्या लक्षात आलं. ‘साखर पुरेशी आहे का बघावं.’ ‘आज यायला उशीर झाला.’ ‘जाताना दार ओढून घेतलं तरी चालेल.’ ताई बोलत होती, सगळं बोलत होती, आणि त्यात ‘छोट्या’ नव्हता. ‘तू’सुद्धा नव्हता. जन्मभर ज्यानं हेच एक काम केलं त्याला ते ओळखायला दोन रविवार लागले. अशी वाक्यं करायला किती कसब लागतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यासाठी त्यांना चौदा नियम लिहावे लागले होते. हिला चौथीच्या शाळेवर जमलं.

ते वाट बघत राहिले. रागावून का होईना, एकदा ‘गाढवा’ म्हणाली असती तरी चाललं असतं. ‘ताई, अगं शिव्या दे मला,’ असं एकदा त्यांनी म्हटलंही. ती म्हणाली, ‘कशाबद्दल?’ आणि कपबशी उचलून आत गेली.

मग एका रविवारी त्यांनी एक पोरकटपणा केला. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. निघताना छत्री त्यांनी खुर्चीच्या पाठीला मुद्दाम अडकवून ठेवली आणि जिना उतरायला लागले. एकेक पायरी, दमादमानं. खाली येऊन बरोबर तिच्या खिडकीखाली उभे राहिले. पावसाचे चार थेंब टकलावर पडले. वर खिडकी उघडल्याचा आवाज आला. त्यांनी चटकन मान वर केली. ताई झुकली होती, अर्धी बाहेर, अगदी तशीच. तिनं त्यांना पाहिलं. हातातलं फडकं झटकलं, डब्यातलं रोप पावसात जरा पुढे सरकवलं आणि खिडकी लावून घेतली. गल्ली गप्प होती. संबंधितराव भिजत घरी गेले.

पुढच्या रविवारी ते गेले तेव्हा छत्री दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेली होती.